हिरवा दिवा

पडद्यावर घर जळत होतं, आणि त्याला बाहेरून कडी घालणारा हात खेळणाऱ्याचा, म्हणजे आत्ता हेमांगीचा होता. आतली माणसं दारावर थापा मारत होती. हेमांगीची खुर्चीत नुसती चुळबुळ चालली होती. मनगटावरच्या पट्टीतला दिवा मात्र हिरवाच होता. छातीचे ठोके वाढले, तरच तो लाल व्हायचा.

"झालं की," गेम तपासणी मंडळाचे तारळेकर साहेब म्हणाले. "परीक्षकाचे ठोके वाढले नाहीत, म्हणजे गेम लहान मुलांना चालतो. पास!"

"साहेब, भयंकर आहे हा गेम. मुलांच्या हातात नका देऊ."

"मॅडम, तुमचं मत कुणी विचारलंय? मतं विकत मिळायला लागली, म्हणून तर ठोके मोजायचं ठरलं."

"पण मी रोज हेच बघते हो! मला सवय झालीय."

"अनुभवी म्हणूनच तर तुम्हाला ठेवलंय."

"एकदा परत खेळते. एकदाच."

तिने पुन्हा कडी घातली, पुन्हा आग लावली. या वेळी ठोके वाढवायचेच, म्हणून तिने डोळ्यांसमोर स्वतःच्या मुलीला आणलं. शाल्मली खिडकीचे गज धरून "आई, आई" ओरडतेय. सकाळी आपणच घातलेल्या तिच्या वेणीने पेट घेतलाय. हेमांगीने ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि घाईघाईने मनगटाकडे नजर टाकली.

दिवा हिरवाच होता.

"बघा," पट्टी सोडवत साहेब म्हणाले, "उगाच घाबरलात."