डावी टाच

धोंडूकाकांच्या उजव्या टाचेची जखम साखरेपायी चार महिने झाले तरी भरायचं नाव घेत नव्हती. गावची जत्रा आठवड्यावर आली, एसटीचं रिझर्वेशनही झालं, पण डॉक्टर गार्गी हटून बसल्या होत्या. "रोज सकाळी टाचेचा फोटो पाठवा. जखम भरलेली दिसल्याशिवाय मुलुंडबाहेर पाऊल टाकायचं नाही."

त्या दिवशी मालनकाकू आंघोळीला गेल्याबरोबर काकांनी धडधाकट डाव्या टाचेचा फोटो काढला, डॉक्टरांना धाडला आणि खुशीत पलंगाखालची बॅग ओढली.

लगेच फोन वाजला. "काका, काल एकच जखम होती, आज चार दिसताहेत! जत्रा कॅन्सल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या."

जन्मात कधी तेलाचं बोट न लागलेल्या, भेगाळलेल्या डाव्या टाचेकडे काका बघतच राहिले. ओल्या केसांना पंचा गुंडाळत काकू आल्या आणि त्यांनी मोबाइलमधला फोटो पाहिला. रोज ड्रेसिंग करणाऱ्या बाईला पाय ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"गप उजव्या पायाचो फोटो धाडा," काकू म्हणाल्या. "त्यातल्या त्यात तोच बरो आसा."