दाजींचा कान

सूर वर जायला हवा होता. धाकट्याने गिटारवर तो मुद्दाम खाली नेला आणि दाजींच्या तोंडाकडे पाहत थांबला.

दाजी डोळे मिटून माइकच्या दांड्याला टेकून उभे होते. आता ते कपाळाला आठी घालतील, "काहीतरी चुकतंय" म्हणतील, आणि तो सूर स्वतः वर नेऊन दाखवतील. मग गाणं त्यांचं होईल आणि सगळे कामाला लागतील. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

तसे ते फक्त धाकट्याचेच दाजी. ड्रमवर बसलेली ताई त्याची थोरली बहीण. पण एका कार्यक्रमात धाकट्याने त्यांना सवयीने "दाजी" अशी हाक मारली, ती माइकमधून बाहेर गेली, आणि तेव्हापासून समोरची सगळी गर्दी त्यांना दाजी म्हणू लागली. एवढे मेव्हणे झाल्यावर कुठलाही माणूस थोडा हवेत जातो.

हवेत गेलेल्या माणसाला दुसऱ्याची चाल आवडत नाही. धाकट्याने त्यावर तोड काढली होती. चाल घरी पुरी बसवायची आणि इथे तळघरात तालमीला वाजवताना मोक्याच्या जागी एक ढोबळ चूक करायची. दाजी चूक पकडत, सुधारत, खूश होत. अल्बमवर 'संगीत : दाजी' असं छापून येई. बँड खरं कोण चालवतं हे धाकट्याला ठाऊक होतं, आणि ताईला, कारण तिला त्यानेच सांगितलं होतं. "ह्यांना कळू देऊ नकोस हं," ती तेव्हा हसून म्हणाली होती.

आज मात्र गाणं जमायलाच हवं होतं. संध्याकाळी म्युझिक कंपनीच्या बाई ऐकायला येणार होत्या. गाणं पसंत पडलं तर स्टेडियमवरचा कार्यक्रम, नाही तर रामराम. शिवाय धाकट्याला दुसऱ्या एका मोठ्या बँडने बोलावलं होतं. तिथे गाण्यावर त्याचं स्वतःचं नाव येणार होतं. होय की नाही, ते त्यालाही आजच कळवायचं होतं.

दाजींनी डोळे उघडले. "वा," ते म्हणाले. "असंच ठेवू."

धाकट्याचा हात तारांवरच राहिला. "असंच?"

"मस्त आहे की. का, तुला नाही आवडलं?"

"नाही, म्हणजे... परत एकदा ऐका ना."

त्याने परत वाजवलं. सूर आणखी खाली नेला, इतका की ताईने तोंड वाकडं केलं.

"हे तर त्याहून छान," दाजी म्हणाले.

हे गाणं असं बाईंच्या कानावर पडलं तर बाई जिन्यावरूनच परत जातील. दाजींचा कान गेला की काय? आणि स्वतःहून सांगावं तर इतक्या वर्षांचं बिंग फुटणार. आता अशी चूक करायला हवी होती की बहिऱ्यालाही कळावी. तिसऱ्या वेळी गाणं ऐन भरात आलं आणि जिथे ओळ संपायची तिथे त्याने तारांवरून हातच काढून घेतला.

ताई गोंधळून थांबली. बेसवाला थांबला. तळघरात एकदम शांतता पसरली. वरच्या टायरच्या दुकानात कुणीतरी पाना आपटला, तेवढा ऐकू आला.

आणि मग धाकट्याचा हात आपोआप खाली आला. घरी कधी डोक्यातही आला नव्हता असा एक उंच, उघडा सूर वाजला. ताईने दोन्ही हातांनी त्यावर दणका दिला.

"थांब," दाजी म्हणाले. "आत्ता काय केलंस?"

"चुकलो."

"परत चूक."

तो परत चुकला. या वेळी दाजी त्या उंच सुरावर आवाज घेऊन चढले. ताई स्टूलवरून अर्धी उठली, भिंतींना ठोकलेल्या गाद्यांमधून धूळ उडाली, आणि वर्षभर तोंड न उघडणारा बेसवाला "आयला" म्हणाला. धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकं चांगलं त्याच्या हातून कधीच काही झालं नव्हतं.

"त्या मोकळ्या जागेत कुणी काही वाजवायचं नाही," दाजी येरझाऱ्या घालत म्हणाले. "ती जागा लोकांची. अख्खं स्टेडियम तिथे ओरडणार. मला हेच हवं होतं. हेच."

धाकट्याने ताईकडे पाहून डोळा मारला. ताईने मान खाली घालून झांजेचा स्क्रू आवळला.

बाई आल्या त्या पर्स खांद्यावरून न काढताच उभ्या राहिल्या. मोकळी जागा आली तशा त्या स्वतःच ओरडल्या आणि मग ओशाळून इकडेतिकडे पाहू लागल्या.

"ही जागा कुणाला सुचली?"

"मला," दाजी म्हणाले.

स्टेडियम पक्कं झालं. बाई गुणगुणत जिना चढून गेल्या. त्यांच्यामागून धाकटा निघाला, पण दारात ताईपाशी थांबला. "त्या दुसऱ्या बँडला नाही म्हणून कळवतो, ताई. दाजींना सोडून कसा जाऊ? आज बघितलंस ना. माझ्यावाचून पार अडेल त्यांचं."

"हो रे," ताई म्हणाली. "सावकाश जा."

त्याची पावलं जिन्यावर विरली तशी ती नवऱ्याकडे वळली. "तो सूर खाली गेला तेव्हा माझे दात आंबले. आणि तू खुशाल वा म्हणालास?"

दाजी खाली बसून केबल गुंडाळत होते.

"त्याने घरून आणलेली चूक आजही मी सुधारली असती," ते म्हणाले, "तर गाणं नुसतं बरं झालं असतं."