फळ्यावरचा पहिला नंबर

कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन दोनच शनिवार झाले होते. तरी लोरीनच्या कॅफेतल्या फळ्यावर पहिला नंबर कुठल्या कॉलेजांच्या गटाचा लिहायचा, दक्षिणेच्या की उत्तरेच्या, यावरून व्हर्नन आणि ड्वेनची जुंपली होती.

"साठ-शून्यने हरवलंत कुणाला, तर बीलर कॉलेजला! लिंबूटिंबू पोरं ती!" दक्षिणवाला व्हर्नन म्हणाला.

"आणि तुम्ही आधीच्या शनिवारी? त्याच बीलरला ना?" ड्वेन उखडला.

"बरं, ते जाऊ दे. ज्यानं तगडे गडी अंगावर घेतले, तो पहिला. कबूल?"

"कबूल."

लोरीनने कॉफीची किटली खाली ठेवली आणि फळ्यावर सगळ्यात वर ठसठशीत लिहिलं: बीलर.

 

"एका शनिवारी याचे, दुसऱ्या शनिवारी त्याचे तगडे बीलरकडून खेळणाऱ्या माझ्या लेकानं अंगावर घेतलेत. आता पुसून दाखवा!" ती म्हणाली.