खाली

बुऱ्हाणपूरच्या शालेय नवकल्पना-स्पर्धेत हिमानीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या, रितेशच्या आणि मयूरच्या यंत्राने ‘वर’ ऐकून केळीचा घड उचलला. ‘खाली’ ओरडून तिघांचे घसे बसले, तरी घड अधांतरीच. तसाच राहिला तर टीम बाद. “हिंदी शिकव म्हटलं होतं ना याला?” रितेश हिमानीवर करवादला. “झगडा नंतर यार, सर येऊन राहिले!” मयूर पुटपुटला. परीक्षक घडाखालच्या स्टुलापाशी थांबले. “बेटा, ये खाली है क्या?” हिमानीला मायेने विचारत ते टेकलेही. यंत्राशी इतकं गोड कुणी बोललंच नव्हतं; ते घरघरलं. घड खाली यावा म्हणून नवस बोललेली हिमानी आता येऊ नये म्हणून दुसरा बोलली. घड परीक्षकांच्या मांडीवर विसावला. “वर!” तिघं पहिल्यांदाच एकसुरात ओरडले. घडात गळ्यातलं ओळखपत्र अडकून परीक्षकही उठले. “बघ,” रितेश म्हणाला, “सकाळपासून एकाही टीमला दाद द्यायला उठले नव्हते.”