नैवेद्याची नावं

किल्ल्याच्या लाकडी पायऱ्यांपाशी म्हाताऱ्या उंगाटनं चटई अंथरली. चिकट भात, उकडलेली अंडी, तांदळाच्या दारूची वाटी, बगलेत जिवंत कोंबडा. इथल्या इबान लोकांच्या लढाऊ होड्या नदीवर अडवायला, पूर्वी इथं राज्य करणाऱ्या गोऱ्या राजानं हा किल्ला उठवला होता. आज तिथं संग्रहालय उघडायचं होतं. राजधानी कुचिंगहून आलेले मोठे साहेब उन्हात उभे होते, कारण नैवेद्य पुरा झाल्याशिवाय पायरी चढायची नसते.

संग्रहालयाची अधिकारी लिडियासुद्धा इबानच. ती वाकून म्हणाली, "आजोबा, थोडक्यात आटपा हं. साहेबांना दोनची बोट गाठायचीय."

"फळ्याचं काय झालं?"

"सांगितलं ना, जागा नाही म्हणून."

दाराशेजारच्या फळ्यावर किल्ल्याच्या सतरा गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती, सोनेरी अक्षरांत. ह्याच भिंतींच्या भोकांतून ज्या इबानांना गोळ्या घातल्या, त्यांची यादी उंगाटनं तीनदा आणून दिली होती. तिन्ही वेळा ती परत आली. मेलेल्या माणसांना अशी कितीशी जागा लागते?

"मग नैवेद्याला कुणाला बोलवायचं, तेही तुम्हीच ठरवणार का?"

"छे, ते तुमचं काम. ज्यांचा ज्यांचा ह्या जागेशी संबंध आला, त्या सगळ्यांना बोलवा." असं म्हणून लिडियानं माइक त्याच्या तोंडापुढे धरला. इथंच ती फसली.

उंगाटनं कोंबडा चटईवरून फिरवला आणि हाका मारायला सुरुवात केली. जेलियान, ब्लिकाऊचा मुलगा. मांडाऊ, एन्सियांगचा मुलगा. प्रत्येक नावाला गर्दी "ओ हा" म्हणून साथ देऊ लागली. पितरांना बोलावणं एकदा सुरू केलं की मध्ये तोडायचं नाही, नाहीतर राहिलेले रागावतात. लिडियाला हे कुणी शिकवायला नको होतं.

अर्धा तास झाला. साहेबांची कॉलर भिजली. त्यांनी लिडियाला खूण केली.

"आजोबा, अजून किती?" तिनं हळूच विचारलं.

उंगाटनं कोंबडा दुसऱ्या हातात घेतला. "ही एका होडीतली झाली, पोरी. होड्या अकरा होत्या."

लिडियानं साहेबांसाठी खुर्ची मागवली, आणि स्वतः जाऊन माइकचा आवाज वाढवला.