अप्पांच्या गोळ्या

चन्नाप्पांचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. पण आमदारांनी नशामुक्तीची मोहीम काढल्यापासून कोल्हापुरातले मेडिकलवाले चौकशीच्या भीतीनं त्या गोळ्या ठेवतच नव्हते. चन्नाप्पांची लेक शिवलीला नर्स होती. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती थेट आमदारांच्या ऑफिसात गेली.

"साहेब, मेडिकलवाल्यांना एक फोन करा. अप्पा दिवसरात्र वरडत्यात."

आमदारांनी चिठ्ठी न वाचताच परत केली. "नशेच्या गोळ्यांसाठी मी फोन करू व्हय? कायदा सगळ्यांना सारखा, बाई. जरा सोसायला सांगा की त्यांना."

अप्पा टॉवेल दातांत धरून आणखी एकोणीस दिवस जगले.

सहा महिन्यांनी शिवलीलाला आमदारांच्याच घरी ड्यूटी लागली. त्यांच्या आईला कॅन्सर झाला होता. आमदारांनी तिला ओळखलंही नाही. कपाटातून त्याच गोळ्यांची चार पाकिटं काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले,



"आईचे हाल बघवत न्हाईत, सिस्टर. आपल्या घरात आपल्या माणसाला काय द्यायचं, हे सरकारनं कशाला ठरवायचं?"