सुईचं दूध

"सटवाचं दूध घ्यायचं न्हाई!" आप्पाराव डेअरीच्या पायरीवरूनच ओरडले. "आजपासून न्हाई आन् पुन्ना कवाच न्हाई."

रांगेतल्या बाया मागं सरकल्या. सटवा किटली हातात धरून तसाच उभा राहिला. आसारामचं माप अर्ध्यावर थांबलं. दूध मोजायचं, कॅन भरायचे, शीतकेंद्राच्या टेम्पोत चढवायचे, ही त्याची कामं. गावच्या दूध संस्थेचा पगारी माणूस तो एकटाच.

आप्पाराव संस्थेचे चेअरमन. आवाज त्यांचा नेहमीच मोठा, पण आज त्याला कारण होतं. काल सकाळी त्यांची नात मनू दूध प्यायली आणि घटकाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. जीप काढून मांजरसुंब्याच्या दवाखान्यात नेली म्हणून पोर हाती लागली. आणि ही काही पहिली खेप नव्हती.

मनूला पेनिसिलीन चालत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. तसली गोळी तिला कुणी दिलीच नव्हती. डॉक्टर बराच वेळ विचार करत बसले.

"जनावराला दिलेलं औषध दुधात उतरतं," ते म्हणाले. "तसल्या दुधानं माणसाला रिॲक्शन येते, असं संशोधनात दिसलंय. तुम्ही दूध कुठलं पाजता?"

"डेअरीचं. आमच्या म्हशी आटल्यात औंदा. रोज लोटाभर घरी येतं."

"सगळ्या गावाच्या दुधात मिसळूनसुद्धा एवढा त्रास?" डॉक्टरांनी मान हलवली. "कुणीतरी फारच बेफिकीर आहे. तो सापडेपर्यंत दूध बंद. पुढच्या वेळी इथवर पोचाल, असं नाही."

हे शेवटचं वाक्य आप्पारावांच्या डोक्यातून जात नव्हतं.

आणि त्यांचा राग खोटा होता असं कोण म्हणेल? पाऊस रुसून बसलेला, गावाची निम्मी जनावरं संस्थेच्या चारा छावणीत. खंगलेल्या म्हशींना दगडी व्हायची, म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट व्हायची. मग पेनिसिलीनची सुई टोचावी लागायची. असलं दूध कॅनमध्ये जाऊ नये म्हणून आप्पारावांनीच नियम करून घेतला होता. सुईचं दूध कुणी चोरून विकायचं नाही, वेगळ्या भांड्यात डेअरीत आणून द्यायचं. आसारामनं ते वतून टाकायचं आणि आणणाऱ्याला छावणीतून पेंड मिळायची. या नियमाला जिल्ह्याच्या सभेत टाळ्या पडल्या होत्या. ज्यानं नियम केला त्याच्याच नातीच्या जिवावर बेतावं? कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती.

"बोल बे," आप्पाराव सटवाच्या अंगावर गेले. "सगळ्यात जास्त सुया तुझ्याच म्हशींना. दिल्या का न्हाई?"

"दिल्या की. लपवलं कवा? दूध येगळं आणून दिलं मी, दर बारीला."

"तू येगळं दिलं, मंग कॅनात काय भूत वतून गेलं?"

"आसारामला इचारा."

सगळ्यांनी आसारामकडं पाहिलं. तो खाली मान घालून कॅनचं झाकण पुसत होता.

"आणतो येगळं," तो म्हणाला. "पर समदंच आणतो का, ते मला कसं कळावं?"

सटवाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याची जनावरं राखून चार म्हशी केलेला माणूस. ना जमीन, ना पाठीशी कुणी पुढारी. त्याची बाजू कोण घेणार?

"माझ्या घरी कवाधरनं दही लागंना," आप्पाराव म्हणाले. "सैपाकाची केशरबाई चाऱ्याला दोष देत बसली. इरजण मारणारं तुझं औषध व्हतं व्हय त्यात!"

"आमी बी हितलंच दूध नेतोत," रांगेतनं छबुबाई बोलली. "आमचं लागतंय की दही."

"तू गप बस."

आप्पारावांनी सटवाच्या हातातली किटली ओढली आणि पायरीखाली पालथी केली. भेगाळलेल्या मातीनं दूध बघता बघता पिऊन टाकलं.

"पोरीचं मला बी वाईट वाटतंय, मालक," सटवा म्हणाला. "पर ते चांगलं दूध व्हतं."

"उद्या तुझी जनावरं छावणीतनं भाईर."

"मरतील वं ती! भाईर काडी न्हाई, पाणी न्हाई."

"माझी नात मरायला लागलती, तवा?"

सटवानं रिकामी किटली उचलली आणि तो निघून गेला. रांग पांगली. टेम्पो आला आणि कॅन घेऊन गेला. आसाराम मात्र फडकं हातात घेऊन तिथंच घुटमळत राहिला.

"चेअरमनसाब, त्याला छावणीतनं काढू नका."

"कावून?"

"त्यानं सुईच्या दुधाचा थेंब बी कॅनात पडू दिला न्हाई. मघा मी भेलो."

"मंग त्याचं येगळं दूध गेलं कुठं? वतून टाकलं न्हाईस तू?"

आसारामनं हातातलं फडकं पायरीवर ठेवलं.

"दुष्काळात दूध मातीत वतवंना, साब. दिसायला चांगलंच असतंय. आन् तुमचा लोटा फुकटचा. कॅनातनं भरला तर माप कमी येतंय, शीतकेंद्रावाले माझी मान धरत्यात. म्हून जवा जवा सुईचं दूध आलं, तवा तेच तुमच्या घरी धाडलं."